सिंधूची जबानी कापू नका

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा शेवट काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं येतं. सुधाकर दारूत विष कालवून पितो, मरतो आणि पडदा पडतो. मला ते पटत नाही. माझ्या मते ते नाटक त्याच्या थोडं आधी संपतं. नवऱ्याच्या हातून घायाळ झालेली, तान्हं मूल गमावलेली सिंधू पोलिसासमोर सांगते की यांचा काही दोष नाही, माझी मीच पडले. ती जबानी हा नाटकाचा शेवट. त्यापुढं उरतं ते सुधाकरचं मरण.

विद्यापीठातल्या चर्चेसाठी मी हे लिहीत नाही. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हा प्रश्न आता रोजचा झाला आहे. भाऊबीज झाली, मंडया म्हणजे आमच्या गावजत्रा भरू लागल्या की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा, आरमोरी, कुरखेडा या सगळ्या पट्ट्यात रात्र रात्र नाटकं होतात. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांत गावोगावची मंडळं येऊन तारखा पक्क्या करतात. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो. रात्री दहा-अकराला सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो. पूर्वी ज्यांनी पाहिला त्यांच्यापुरताच तो राहायचा. आता मंडपात कुणीतरी पोरगा तिवईवर कॅमेरा लावून उभा असतो आणि थोड्याच दिवसांत ते नाटक मोबाईलवर येतं. पुण्यात कामाला गेलेला आमचा मुलगा तिथं बसून आपल्या गावचं नाटक पाहतो. याचा मला मनापासून आनंद आहे. झाडीपट्टीची कितीतरी चांगली नाटकं कुठलीही नोंद न ठेवता गेली. कॅमेरा आधी आला असता तर जुन्या नटांचं काम आज पाहता आलं असतं.

पण कॅमेरा नाटक नुसतं साठवत नाही. कुणाकडं पाहायचं, कुठं थांबायचं आणि काय गाळायचं, हे तो ठरवतो. शेवटच्या अंकात तो जे ठरवतो त्याने नाटकाचा अर्थ बदलतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावाजवळ झालेल्या ‘एकच प्याला’चं असंच एक चित्रण बचत गटाच्या बायकांनी माझ्या पडवीत बसून पाहिलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कलावंतांचं काम उत्तम होतं. तळीरामाचे सगळे प्रवेश पूर्ण होते. मधली लावणी पूर्ण होती. शेवटच्या अंकात सुधाकरचा हात उठला आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर गेला तो गेलाच. त्याचे लाल डोळे, थरथरते ओठ, कपाळावरचा घाम. सिंधू चौकटीबाहेर पडलेली, तिचा नुसता आवाज येत होता. मग एकदम तुटलं आणि पुढच्या क्षणी सुधाकरच्या हातात प्याला होता.

एक बाई म्हणाली, “बाई, मंग तिनं पोलिसाले सांगतलं का नाई?”

तिनं नाटक मंडपात पाहिलं नव्हतं. शेजारणीनं पाहिलं होतं. तिनं सांगितलं, “सांगतलं वो. पन खोटं सांगतलं. मीच पडली म्हने.” त्यावर कुणीच काही बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, “आमी बी तेच सांगत होतो दवाखान्यात. नाहनीत घसरली म्हनून.”

गडकऱ्यांनी शेवट लिहिला आहे तो असा. आणि त्या चित्रणात नेमका तोच नव्हता.

हे नाटक कसं जन्मलं तेही ध्यानात घ्यावं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले. गेले ते सावनेरला, म्हणजे आपल्याच विदर्भात, नागपूरजवळ. वय अवघं तेहतीस. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, बडोद्यात. गंधर्व नाटक मंडळीचा प्रयोग होता. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. नाटकातली पदंही गडकऱ्यांच्या हातून व्हायची राहिली होती, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. संगीत नाटक तोवर बहुधा लग्नात, मीलनात, आशीर्वादात संपायचं. संस्कृत नाटकाची ती जुनी शिस्त होती, मरण रंगमंचावर दाखवायचं नाही. गडकऱ्यांनी संगीत नाटकाच्या शेवटी प्रेतं ठेवली. एक मूल, एक बाई, एक पुरुष. आणि त्या तिघांच्या मध्ये एक खोटी जबानी.

सुधाकर वकील आहे, हे लोक विसरतात. भर कोर्टात झालेला अपमान त्याला सोसत नाही, सनद जाते आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. मरताना केलेलं विधान पुरावा म्हणून ग्राह्य धरायचं, हे १८७२च्या पुरावा कायद्याचं ३२वं कलम होतं. आज २०२३चा भारतीय साक्ष्य अधिनियम आहे, त्यातही ते तत्त्व कायम आहे. मृत्यूच्या दारात माणूस खोटं बोलणार नाही, असा कायद्याचा विश्वास. सिंधू वकिलाची बायको आहे. तिनं नेमका तो विश्वास नवऱ्याला वाचवायला वापरला. दारूपायी ज्याच्या हातून कायदा सुटला, त्याला तिनं कायद्यातूनच सोडवलं. इतकं धारदार लिहिलेलं असताना त्याला पतिव्रतेचा गौरव म्हणून सोडून देणं हा गडकऱ्यांवर अन्याय आहे. गडकऱ्यांच्या मनात तो गौरव नव्हताच, असंही मी म्हणणार नाही. १९१९च्या प्रेक्षकांनी सिंधूला देवी मानून डोळे पुसले असतील. पण नाटक लेखकापेक्षा जास्त जगतं आणि मंडपातल्या माणसांबरोबर त्याचा अर्थही पुढं सरकतो.

आमचा मंडप कसा असतो, ते मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगायला हवं. मंडई आणि नाटक हा आमच्याकडं माहेरचा सण आहे. लेकी नांदत्या घरून येतात. सोयरे येतात. नाटकाच्या निमित्तानं मुलगी दाखवली जाते, सोयरीक जुळते. दिवसा गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर माणसांचा नुसता पूर लोटतो. रात्री तनसावर चादर टाकून मायलेकी एकमेकींच्या अंगावर शाल ओढून बसतात. लहान पोरं तिथंच झोपतात. पहाटे चारच्या सुमाराला शेवटचा अंक लागतो, तेव्हा पुरुषांतले बरेच जण पेंगलेले किंवा उठून गेलेले असतात. बायका जाग्या असतात.

मी रंगमंचाकडं पाठ फिरवून या बायकांकडं पाहिलेलं आहे. सिंधू जबानी देते तेव्हा आई लेकीच्या तोंडाकडं बघते. चार दिवसांसाठी आलेल्या त्या लेकीच्या दंडावरचा वळ आईनं सकाळीच पाहिलेला असतो आणि लेकीनं काहीतरी कारण सांगितलेलं असतं. रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसांना खरं काय घडलं ते ठाऊक आहे. समोर बसलेल्या हजारभर माणसांनाही ठाऊक आहे, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही कागदावर खोटं लिहिलं जातं आणि कुणी उठून म्हणत नाही की हे खोटं आहे. गावात असंच होतं. कुणाच्या घरी काय चालतं हे गल्लीला माहीत असतं, पाटलाला माहीत असतं, शाळेतल्या बाईंनाही माहीत असतं. सिंधूच्या खोटेपणाला अख्खा गाव साक्षीदार असतो. मंडपात बसलेल्या माणसाला नाटक हे साक्षीदारपण देतं आणि शेवटाचा अर्थ माझ्या दृष्टीनं तोच आहे.

कॅमेरा सुधाकरच्या डोळ्यांत घुसला की हे साक्षीदारपण जातं. मग उरतो एका माणसाचा पश्चात्ताप. तो आपल्याला रडवतो, त्याची कीव येते, बिचारा चांगला होता पण दारूनं वाया गेला असं म्हणून आपण मोबाईल ठेवून देतो. बाईच्या मरणाचं काम इतकंच उरतं, की पुरुषाला पश्चात्ताप व्हावा.

माझ्या भाच्यानं मला एक जुनी फिल्म दाखवली होती, तिची इथं आठवण येते. ‘कार्मेन’ हा बिझेचा ऑपेरा, म्हणजे गाण्यावर उभं असलेलं युरोपातलं नाटक. १८७५ साली पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि तीनच महिन्यांत बिझे गेला. इटलीच्या फ्रान्चेस्को रोझीनं १९८४मध्ये त्यावर चित्रपट केला, स्पेनमधल्या खऱ्या गावांत जाऊन. शेवटी बैलांच्या झुंजीचं मैदान आहे. आत लोक जल्लोष करताहेत आणि बाहेर कार्मेनचा जुना प्रियकर होझे तिला भोसकतो. भाषा मला कळत नव्हती, तरी आतला तो जल्लोष आणि बाहेरची ती बाई हे एकत्र ऐकू आलं तेव्हा अंगावर काटा आला. आमच्याकडं दिवसाच्या पटाचा गलका आणि रात्रीची सिंधू यांत अंतर असतं काही तासांचं. तिथं ते दोन्ही एकाच क्षणी घडतं. पण एक फरक मोठा आहे. होझे लोकांसमोर स्वतःच म्हणतो की मी हिला मारलं, मला पकडा. आमच्या नाटकात कायद्याच्या कागदावर बाईनंच गुन्हा पुसलेला असतो. मला आमचा शेवट जास्त भयंकर वाटतो.

जानेवारी २०१८मध्ये इटलीतल्याच फ्लॉरेन्समध्ये दिग्दर्शक लिओ मुस्कातोनं ‘कार्मेन’चा शेवटच बदलला. कार्मेन होझेचं पिस्तूल हिसकावते आणि त्यालाच गोळी घालते. बाईच्या खुनावर टाळ्या पडू नयेत, अशी त्यामागची भूमिका होती. त्यावर तिकडं मोठा वाद झाला. मी त्या दिग्दर्शकाची तळमळ समजू शकते. सिंधूनंही खरं सांगावं, असं मला शंभरदा वाटलं आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा वर्गात मुली विचारायच्या, “बाई, आपण शेवट बदलून लिहू का?” मी लिहू द्यायची. त्यांनी लिहिलेले शेवट मी वाचून दाखवायची. त्यात सिंधू फौजदाराला सगळं सांगायची, माहेरी जायची, शिवणयंत्र घ्यायची. वहीत हे करावं, जरूर करावं. रंगमंचावर मात्र मूळ शेवट राहावा असं माझं मत आहे. सिंधूनं खरं सांगितलं तर प्रेक्षक सुटतो. तो समाधानानं घरी जातो. तिनं खोटं सांगितलं की उठून बोलायचं काम आपल्यावर येतं.

आणि नवा शेवट हवा असेल तर नवं नाटक लिहावं. झाडीपट्टीनं ते केलंही आहे. नवरगावच्या सदानंद बोरकरांच्या नाटकाचं नावच ‘माझं कुंकू मीच पुसलं’ असं आहे. असं नाव मंडईच्या फलकावर लागतं, बायका ते वाचतात आणि रात्री नाटकाला येतात, याचं मोल मला फार वाटतं.

आमच्या दोन जिल्ह्यांत दारू हा केवळ नाटकातला विषय नाही. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, ती लोकांनी मागून घेतली आहे. चंद्रपूरसाठी डिसेंबर २०१०मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत बायका पायी गेल्या. श्रमिक एल्गार आणि पारोमिता गोस्वामी यांचा तो मोर्चा. मीही त्यात काही अंतर चालले. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री बायका बोलायच्या. घरात कधी न बोललेलं त्या अनोळखी बायकांपुढं बोलत होत्या. कुणाचा हात मोडला होता, कुणाचं धान विकून प्यायलं गेलं होतं, कुणाचा मुलगा बापाच्या वाटेनं गेला होता. ऐकताना माझ्या मनात येत होतं, की सिंधूनं न दिलेली जबानी या बायका देताहेत. १ एप्रिल २०१५ला चंद्रपुरात दारूबंदी आली. मे २०२१मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. बंदीच्या काळात चोरटी दारू आली, बनावट आली, पोरांच्या हाती पिशव्या आल्या, हे मी नाकारत नाही. पण बंदी उठवताना जे आकडे मांडले गेले त्यांत महसूल होता, गुन्हे होते. त्या मुक्कामातल्या बायकांनी सांगितलेलं कुठं होतं? ते पुन्हा एकदा चौकटीबाहेरच राहिलं.

म्हणून ‘एकच प्याला’चं चित्रण मला निव्वळ करमणुकीची गोष्ट वाटत नाही. त्याचे तुकडे कसे फिरतात ते पाहा. तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ यांचे तुकडे सगळ्यात जास्त पाहिले जातात. तळीराम हे आमच्या मातीत अत्यंत लाडकं पात्र आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या गाजलेल्या भूमिकांत तळीरामही आहे. पोट धरून हसवायचं आणि हसणाऱ्याच्या घशात पुढं आवंढा आणायचा, ही गडकऱ्यांची रचना आहे. दारुड्याचा आधी लळा लावायचा, मग तो लळा काय किंमत घेतो ते दाखवायचं. पहिला भाग तेवढा कापून मोबाईलवर टाकला तर दारूविरुद्ध लिहिलेलं नाटक दारूची जाहिरात होतं. लग्नाच्या वरातीत तळीरामाची वाक्यं वाजवून पिणारी पोरं मी पाहिली आहेत. त्या पोरांना सिंधू कोण ते माहीत नाही.

एका कंपनीच्या मालकांना मी हे बोलून दाखवलं. ते सज्जन माणूस आहेत. म्हणाले, “बाई, शेवटच्या अंकाले मोबाईलवर कोन थांबते? लोकं हसाचं पायतेत आन् सोडून देतेत. पोट भराचं आहे आमाले.” त्यांचं खोटं नाही. एका मोसमावर पन्नास-साठ माणसांचं घर चालवणं सोपं नाही. दिवाळी ते होळी एवढीच कमाई, त्यात पाऊस आला की तारीख गेली. पण ज्या बायका पहाटे चारला थंडीत जागतात त्या शेवटच्या अंकासाठीच जागतात, हेही त्यांना माहीत आहे. त्यांनी मान डोलावली.

बालगंधर्वांची सिंधू आपल्याला पाहायला मिळत नाही. तिची पदं तेवढी तबकड्यांवर राहिली. नवऱ्याचे पाय सोडून कशी जाऊ, असं विचारणारा तो आवाज आजही ऐकता येतो. पण जबानीच्या वेळी ते कसे थांबले असतील, कुणाकडं पाहिलं असेल, वाक्य संपल्यावर किती वेळ शांतता राहिली असेल, हे कशावरही नोंदलेलं नाही. तेव्हा साधन नव्हतं. आज प्रत्येक मंडपात साधन आहे आणि तरी आपण तोच क्षण गमावत असू, तर ते दुर्दैवी आहे.

वडशाच्या कंपनीचालकांना आणि चित्रण करणाऱ्या पोरांना माझी विनंती आहे. या मोसमात ‘एकच प्याला’ लावाल तेव्हा शेवटचा अंक तोडू नका. सिंधू पडते तेव्हा कॅमेरा मागं घ्या, म्हणजे ती, सुधाकर, फौजदार आणि बाकीची माणसं एका चौकटीत दिसतील. जबानी पूर्ण होऊ द्या. जमलं तर दुसरा एक मोबाईल मंडपाकडं तोंड करून ठेवा आणि तनसावर बसलेल्या बायकाही त्या चित्रणात येऊ द्या. अर्थात त्यांना आधी विचारून, त्यांची हरकत नसेल तरच. तळीरामाचा तुकडा वेगळा टाकायचाच असेल तर त्याच्याखाली पूर्ण नाटकाचा दुवा द्या.

आणि गावातल्या नाट्यमंडळांनो, पडदा पडल्यावर लगेच ध्वनिक्षेपकावर सत्काराची यादी सुरू करू नका. थोडा वेळ जाऊ द्या. कुणा बाईला काही सांगायचं असेल तर तिथं गावची आशाताई, शिक्षिका, बचत गटाची अध्यक्ष यांपैकी कुणीतरी बसलेली असू द्या. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, प्रत्येक तालुक्याला संरक्षण अधिकारी आहे, १८१ ही महिलांसाठी मदतीची दूरध्वनी सेवा आहे. मंडपाच्या दारावर एवढं लिहिलेला एक फलक लावायला पैसे लागत नाहीत. तो यंदाच्या मंडईपासून लावा.